लंकेतले विंचू: नावांचा गुंता आणि ओळखीच्या खुणा

विंचू डसतो, घाम फुटतो, उलट्या सुरू होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब आधी चढतो आणि मग कोसळतो, फुप्फुसांत पाणी साठते. कोकणातल्या डॉक्टरांना हे चित्र कित्येक वर्षांपासून पाठ आहे. श्रीलंकेच्या उत्तर टोकाला, जाफना द्वीपकल्पात, असेच रुग्ण येऊ लागले तेव्हा उपचाराइतकाच ओळखीचाही प्रश्न उभा राहिला. हे कोणत्या विंचवाचे काम? पेराडेनिया विद्यापीठातले वैद्यकशास्त्रज्ञ कुलरत्ने, प्राणिशास्त्रज्ञ रणवना आणि त्यांचे जाफन्यातले सहकारी यांनी रुग्णांची लक्षणे नोंदवली, रुग्णांनी सोबत आणलेले विंचू तपासले आणि २०१५ मध्ये ‘टॉक्सिकॉन’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. तो विंचू होता हॉटेंटोटा टॅमुलस, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला आपण लाल किंवा तांबडा विंचू म्हणतो तोच.

विंचवाचे शास्त्रीय नाव ठरवणे हे संग्रहालयात बसून करायचे निवांत काम आहे, असा अनेकांचा समज असतो. जाफन्याचे उदाहरण तो समज खोडून काढते. नाव कळले तेव्हाच भारतातला, विशेषतः कोकणातल्या महाडचा, सारा अनुभव तिथल्या डॉक्टरांना आधाराला घेता आला. उलट नाव चुकले असते तर बेटावरच्या इतर निरुपद्रवी विंचवांच्या अनुभवावरून रुग्णाला वेदनाशामक देऊन घरी पाठवले गेले असते. श्रीलंकेतल्या विंचवांचे वर्गीकरण गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलले. ते का बदलले, कोणत्या खुणांवर बदलले आणि कोणते प्रश्न अजून उघडे आहेत, हे एकत्र पाहण्याची म्हणूनच गरज आहे.

श्रीलंकेत विंचवांच्या वीसच्या आसपास जाती नोंदल्या आहेत. त्यांतल्या बहुसंख्य फक्त त्या बेटावरच सापडतात. ही यादी तीन टप्प्यांत तयार झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन अभ्यासक कार्श आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले पोकॉक यांनी तिथून आलेल्या नमुन्यांना नावे दिली. पोकॉक यांचा ब्रिटिश भारतातल्या अष्टपादांवरचा ग्रंथ १९०० साली आला आणि भारत, लंका, ब्रह्मदेश या साऱ्या टापूसाठी तोच दीर्घकाळ प्रमाण राहिला. दुसरा टप्पा १९८२ चा. बेसुशे आणि लोब्ल हे दोघे भुंगेऱ्यांचे अभ्यासक. लंकेत गोळा केलेल्या त्यांच्या साहित्यात विंचूही आले आणि ते जिनिव्हाच्या संग्रहालयात पोचले. पॅरिसच्या मॅक्स वाशों यांनी ते तपासून लंकेच्या विंचवांवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि दोन नव्या जातींना त्या दोघांची नावे दिली. तिसरा आणि सर्वांत मोठा टप्पा २०१६ चा. चेक अभ्यासक फ्रांतिशेक कोवार्झिक यांनी रणवना, जयरत्ने आदी श्रीलंकन अभ्यासकांबरोबर बेटावर प्रत्यक्ष फिरून सगळ्या जातींचा आढावा घेतला आणि चार नव्या जातींचे वर्णन केले.

पहिल्या दोन टप्प्यांत विंचू युरोपात गेले आणि तिथे त्यांना नावे मिळाली. तिसऱ्यात अभ्यासकच रात्री अतिनील बॅटऱ्या घेऊन जंगलात उतरले. विंचवाच्या कवचावर अतिनील प्रकाश पडला की ते हिरवट-निळे चमकते. दिवसा दगडाखाली, सालीखाली दडून बसलेला प्राणी रात्री दहा-पंधरा पावलांवरूनही नजरेत भरतो. या एका साधनामुळे जगभर विंचवांच्या नव्या जाती सापडण्याचा वेग वाढला. मात्र चमक विंचू कुठे आहे एवढेच सांगते. कोणत्या जातीचा आहे हे ती सांगत नाही, आणि नुकतीच कात टाकलेला विंचू तर नीटसा चमकतही नाही.

जात ओळखायची कशावरून? सर्वसामान्य माणूस रंग आणि आकार पाहतो. हीच दोन लक्षणे सर्वांत फसवी आहेत. एकाच जातीची पिल्ले फिकट आणि मोठे विंचू गडद असू शकतात. कोरड्या माळावरचे पिवळट आणि ओल्या जंगलातले तपकिरी असू शकतात. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा रंग काही वर्षांत उडतो. त्यामुळे अभ्यासक पाहतात ते भिंगाखालचे तपशील, आणि त्यांतले काही मराठी वाचकानेही माहीत करून घ्यावेत असे आहेत.

विंचू उताणा केला की पायांच्या चार जोड्यांच्या मधोमध एक लहानशी पट्टी दिसते. लाल विंचवाच्या ब्यूथिडी कुलात ती बहुधा त्रिकोणी असते. काळ्या थोराड विंचवांच्या, म्हणजे आपल्याकडे ज्यांना इंगळी म्हणतात त्यांच्या स्कॉर्पिओनिडी कुलात ती पंचकोनी असते. त्या पट्टीच्या मागे दोन्ही बाजूंना पसरलेले कंगवे दिसतात. हा अवयव फक्त विंचवातच आहे. चालताना तो त्याने जमीन चाचपतो, वास घेतो, जोडीदाराचा माग काढतो. कंगव्याचे दात मोजणे हे ओळखीचे जुने काम आहे. नराचे कंगवे बहुधा लांब आणि दात जास्त असतात, म्हणून दातांच्या आकड्यावरून जात ठरवण्याआधी नर की मादी हे ठरवावे लागते. घाईत काम करणाऱ्या कित्येकांनी नराला एक आणि मादीला दुसरे नाव देऊन ठेवले आहे.

तिसरी खूण सर्वांत बारीक. विंचवाच्या पकडीच्या हातांवर लांब, अतिशय नाजूक केस असतात. प्रत्येक केस एका लहान वाटीसारख्या खळग्यातून वर येतो आणि हवेच्या झुळकेनेही हलतो. इतर केस वाढतात, कमी होतात, पण या संवेदी केसांची संख्या आणि जागा बहुतेक विंचवांत ठरलेली असते. वाशों यांनी १९७४ मध्ये या केसांची पद्धतशीर मांडणी केली, प्रत्येकाला खुणेचे अक्षर दिले आणि विंचवांच्या वर्गीकरणाला त्यातून नवा पाया मिळाला. हातावरचा एखादा केस सांध्याच्या जवळ आहे की बोटाच्या मध्यापर्यंत सरकला आहे, एवढ्यावर एखादी प्रजाती दुसरीपासून वेगळी काढली जाते. केस तुटला तरी खळगा राहतो, आणि शंभर वर्षांच्या सुकलेल्या नमुन्यातही तो मोजता येतो. संग्रहालयातल्या जुन्या बाटल्यांना आजही किंमत आहे ती यामुळेच.

चौथी खूण शेपटीच्या टोकाची. विषाच्या कुपीखाली, डंखाच्या मुळाशी, काही विंचवांना आणखी एक छोटा दात किंवा उंचवटा असतो. लाल विंचवाला तो नसतो. लंकेतल्या अनेक लहान, ठिपकेदार विंचवांना तो असतो. भिंगही नको, मोबाइलच्या कॅमेऱ्याने बाजूने नीट फोटो घेतला तरी तो दिसतो. घाबरून गेलेल्या घरात हा एक तपशील फार उपयोगी पडू शकतो.

बारीक पकड आणि जाड शेपूट म्हणजे विषारी, जाड पकड आणि बारीक शेपूट म्हणजे सौम्य, असा एक ठोकताळा सांगितला जातो. लाल विंचू आणि इंगळी यांच्यापुरता तो खरा ठरतो. पण लंकेत सर्वत्र आढळणाऱ्या एका विंचवाची पकडही बारीक आणि शेपूटही बारीक, आणि त्याचे विष मात्र सौम्य. त्याचे नाव आयसोमेट्रस मॅक्युलेटस.

या विंचवाची कथा बेटांच्या वर्गीकरणातली सगळी अडचण एकट्याने सांगते. पिवळट अंगावर काळे ठिपके, नराची शेपूट आणि हात विलक्षण लांब व सडपातळ, मादी आखूड. सालीखाली, घरांच्या भिंतींत, लाकडांच्या ढिगात, नारळाच्या झावळ्यांत तो राहतो. दडून राहायची ही सवय त्याला समुद्रापार घेऊन गेली. जहाजांवरच्या लाकडातून आणि मालातून तो उष्ण कटिबंधातल्या असंख्य बंदरांत पोचला. हवाई बेटांवर तर तो एकमेव विंचू आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण याच्याइतकी शब्दशः कोणाला लागू पडत नसेल, कारण पिल्ले पाठीवर घेतलेली एक मादी एका नव्या बेटावर वस्ती उभी करायला पुरेशी आहे.

आता नावाचे पाहा. लिनियसने १७५८ मध्ये वर्णन केलेला ‘युरोपीय विंचू’ हा प्रत्यक्षात याच जातीचा असल्याचे पुढे लक्षात आले. नियमाने सर्वांत जुने नाव ग्राह्य धरायचे म्हणून पोकॉक यांनीही १९०० च्या ग्रंथात याला आयसोमेट्रस युरोपियस म्हटले आहे. युरोपात मूळचा नसलेला, आशियातून पसरलेला विंचू आणि नाव युरोपियस! शेवटी स्वीडिश निसर्गअभ्यासक डी गीर यांनी १७७८ मध्ये दिलेले मॅक्युलेटस, म्हणजे ठिपकेदार, हेच नाव रूढ झाले. डी गीर यांच्या हाती आलेले नमुने अमेरिकेतले होते. म्हणजे या जातीची पहिली नावे तिच्या मूळ घरापासून हजारो मैलांवर ठेवली गेली. तिचे बहुतेक जवळचे नातलग भारत आणि लंकेत आहेत, आणि म्हणूनच बहुतेक अभ्यासक तिचे माहेर याच टापूत मानतात. जिथे जाती अधिक तिथे मूळ घर, हा तर्क नेहमीच खरा ठरेल असे नाही. पण इथे तो पटतो, कारण बाकीच्या सर्व ठिकाणी ती बंदरे, गावे आणि मळे यांच्याजवळच सापडते.

याच्या नातलगांचे दुसरे घराणे वाशों यांनी १९७२ मध्ये आयसोमेट्रसच्याच अंतर्गत एक उपप्रजाती म्हणून वेगळे काढले होते, रेड्डियानस या नावाने. २०१६ च्या लंकेच्या आढाव्याने तिला पूर्ण प्रजातीचा दर्जा दिला. त्या वर्षी वर्णन झालेल्या चार नव्या जातींपैकी तीन याच प्रजातीतल्या: सिलोनेन्सिस, जयरत्नेई आणि रणवनाई. शेवटची दोन नावे श्रीलंकन अभ्यासकांची आहेत, आणि हे मला महत्त्वाचे वाटते. वाशों यांच्या निबंधातल्या जातींना संग्राहकांची नावे मिळाली आणि ते संग्राहक युरोपातून आलेले होते. चौतीस वर्षांनी ती जागा बेटावरच्याच माणसांनी घेतली.

चौथी नवी जात चार्मस प्रजातीतली. तिला लंकेच्या लोककथांत अमर झालेल्या सारदिएल या बंडखोर दरोडेखोराचे नाव दिले आहे. चार्मस हे लहानखुरे विंचू. कार्श यांनी १८७९ मध्ये ही प्रजाती लंकेतल्याच जातीवरून स्थापली. मराठी वाचकाला तिचे एक नाते जवळचे वाटेल: टिकादर आणि बस्तवडे यांच्या १९८३ च्या भारतीय विंचवांवरील ग्रंथात चार्मस सिंहगडेन्सिस ही जात सिंहगडाच्या नावाने नोंदलेली आहे. पुण्यात भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात काम केलेल्या देशभूषण बस्तवडे यांनी भारतातल्या विंचवांच्या अभ्यासाची घडी बसवली. लंकेवर काम करणाऱ्या कोणालाही त्यांच्या ग्रंथावाचून पुढे जाता येत नाही. सह्याद्री आणि लंका यांचा हा संबंध वरवरचा नाही. शेवटच्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. उथळ पाल्क सामुद्रधुनी तेव्हा कोरडी जमीन होती. विंचू पोहत नाहीत, पण चालत जायला त्यांना त्या काळात वाट होती.

याच वाटेने गेलेला, किंवा लंकेतून इकडे आलेला, सर्वांत दांडगा विंचू म्हणजे स्वामरडामी. सतराव्या शतकातले डच निसर्गअभ्यासक यान स्वामरडाम यांचे नाव फ्रेंच अभ्यासक सिमों यांनी १८७२ मध्ये याला दिले. वीस सेंटिमीटरच्या आसपास लांबी आणि वजनाने जगातल्या सर्वांत भारी विंचवांत गणना. दिसायला भयंकर, पण डंख माणसाला सहसा धोक्याचा नाही. हा भारतातही आहे आणि लंकेतही. वाद आहे तो दोन्हीकडचा एकच का, याबद्दल.

डच अभ्यासक कौझेन यांनी १९८१ मध्ये आशियातल्या थोराड वनविंचवांचा, म्हणजे हेटेरोमेट्रस प्रजातीचा, सविस्तर आढावा घेतला. लंकेतला स्वामरडामी त्यांना वेगळा वाटला. त्याला त्यांनी टायटॅनिकस ही उपजात म्हटले. शिवाय प्रजातीचेही त्यांनी अनेक उपगट पाडले. कोवार्झिक यांच्या २००४ च्या आढाव्यात हे उपगट टिकले नाहीत. सगळे पुन्हा एका हेटेरोमेट्रसमध्ये आले आणि लंकेतला स्वामरडामीही भारतातल्याशी एकरूप मानला गेला. मग २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधील प्रेंडिनी आणि लोरिया यांचा प्रचंड ग्रंथ आला. त्यांनी हेटेरोमेट्रसचे सात प्रजातींत विभाजन केले. कौझेन यांचे चार जुने उपगट स्वतंत्र प्रजाती झाले: कर्सोनेसोमेट्रस, जायगँटोमेट्रस, जावानिमेट्रस आणि श्रीलंकामेट्रस. दोन अगदी नव्या प्रजातींची नावे मराठी माणसाला सांगावी लागू नयेत अशी आहेत: डेक्कनोमेट्रस आणि सह्याद्रिमेट्रस. सातवी प्रजाती अर्थात मूळची हेटेरोमेट्रस, आता आग्नेय आशियापुरती. स्वामरडामी जायगँटोमेट्रसमध्ये गेला आणि लंकेतला टायटॅनिकस उपजातीवरून थेट स्वतंत्र जात झाला.

चाळीस वर्षांत एकाच प्राण्याचे तीन दर्जे झाले: उपजात, मग काहीच नाही, मग जात. यात अभ्यासकांची मनमानी पाहणारे आहेत. मला तसे वाटत नाही. कौझेन यांच्याजवळ मोजमापे होती, कोवार्झिक यांनी त्या मोजमापांत असलेले चढउतार दाखवले, प्रेंडिनी-लोरिया यांच्याजवळ त्याहून कितीतरी अधिक नमुने आणि खुणा होत्या. प्रत्येक पावलाला पुरावा वाढत गेला. तक्रार करायचीच तर वेगळ्या गोष्टीची करावी लागेल: एका ग्रंथात इतक्या प्रजाती एकदम वेगळ्या केल्या की संग्रहालये, वनखाते, वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारे अधिकारी यांना नव्या नावांशी जुळवून घ्यायला वर्षे लागतात. या थोराड विंचवांचा पाळीव प्राणी म्हणून जगभर व्यापार होतो. लंकेतला काळा विंचू आज जुन्या नावाने विकला गेला, तर कोणत्या जंगलातून तो उचलला हे कागदावरून कळत नाही.

श्रीलंकामेट्रस हे नाव बेटाचे आहे, पण ही प्रजाती फक्त बेटाची नाही. दक्षिण भारतातही तिच्या जाती आहेत. लंकेतला इंडस हा तिचा जुना सभासद. त्यालाही १७७८ मध्ये डी गीर यांनीच नाव दिले. २०१९ मध्ये ‘याला’ राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून यालेन्सिस ही जात वर्णिली गेली. पर्यटकांच्या जीपगाड्या बिबटे शोधत रोज जिथून फिरतात, तिथला एवढा मोठा विंचू इतक्या उशिरा नावारूपाला यावा, यावरून कोरड्या पट्ट्यातले काम किती बाकी आहे याची कल्पना येते. लंकेच्या नैर्ऋत्येची पावसाळी जंगले अभ्यासकांना नेहमीच ओढून घेतात. उत्तर आणि पूर्वेचा कोरडा भाग मागे पडतो. त्यात उत्तरेने १९८३ ते २००९ असे दीर्घ युद्ध सोसले. सुरुंग पेरलेल्या जमिनीत रात्री बॅटरी घेऊन दगड उलटायला कोण जाणार?

आणि तिथेच आपला लाल विंचू आहे.

फाब्रिसियसने १७९८ मध्ये स्कॉर्पिओ टॅमुलस असे नाव दिलेला हा विंचू पुढे ब्यूथस टॅमुलस झाला, मग मेसोब्यूथस टॅमुलस, आणि कोवार्झिक यांच्या २००७ च्या आढाव्यात हॉटेंटोटा टॅमुलस. पाठकवचावरच्या कणीदार रेषा कुठे जुळतात आणि कुठे तुटतात, अशा खुणांवर प्रजातींची ही वाटणी होते. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र हा बदल डोकेदुखीचा आहे. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला राहून या विंचवाच्या डंखावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अनुभव मांडला. एके काळी गंभीर रुग्णांत साधारण तीस टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर चार टक्क्यांच्या आत आले. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आज ही उपचारपद्धती आहे. पण बावस्करांचाच प्रतिविषासह प्राझोसिन आणि नुसते प्राझोसिन यांची तुलना करणारा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला निबंध २०११ चा असूनही मेसोब्यूथस टॅमुलस या नावाने आहे. विषरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत याच विंचवाच्या विषातून मिळालेली प्रथिने अजून ब्यूथस टॅमुलस या नावाखाली नोंदलेली आढळतात. एकाच प्राण्याचे ज्ञान तीन नावांत विखुरले आहे. जाफन्यातल्या तरुण डॉक्टरने फक्त चालू नावाने शोध घेतला, तर महाडचे निम्मे काम त्याच्या हाती लागणार नाही. वैद्यकीय निबंधांत चालू नावाबरोबर जुनी नावेही द्यावीत, हा साधा नियम संपादकांनी पाळला तर हा तोटा टळेल.

या जातीच्या आतही गुंता आहे. पोकॉक यांनी रंगावरून आणि बारीक फरकांवरून तिचे कोकणी, गुजराती, सिंधी, गंगेकाठचे असे प्रकार पाडले होते. पुढे ते सगळे एकाच जातीत विलीन झाले. आता पुण्यातल्या संशोधकांनी डीएनएच्या आधारे वेगवेगळ्या ठिकाणच्या लाल विंचवांची तुलना केली, तेव्हा प्रदेशांप्रमाणे वेगवेगळे जनुकीय गट दिसले. पुण्याच्याच अभ्यासकांनी २०२० मध्ये आयसोमेट्रसच्या, दिसायला जवळजवळ सारख्या अशा दोन जाती आंबोली आणि ताम्हिणीहून डीएनए आणि शरीरखुणा एकत्र वापरून वेगळ्या काढल्या आहेत. म्हणजे पद्धत हाताशी आहे, माणसे तयार आहेत. लाल विंचू खरोखर एकच जात आहे का, की एका नावाखाली दडलेल्या अनेक जाती आहेत, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही. कोकणातल्या विंचवाच्या विषावर तयार झालेले प्रतिविष कावेरीच्या खोऱ्यातल्या किंवा जाफन्यातल्या डंखावर किती चालेल, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

जाफन्याचा लाल विंचू मूळचा की आलेला, हा प्रश्न त्याला जोडूनच येतो. दोन्ही बाजूंनी बोलता येते. समोरच्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तो आहे, मधली सामुद्रधुनी उथळ आहे आणि हिमयुगात तिथे जमीन होती. तेव्हापासून तो तिथे असेल तर त्याच्या जनुकांत हजारो वर्षांच्या एकांताच्या खुणा सापडायला हव्यात. उलट शतकानुशतके होड्यांतून मीठ, लाकूड, विटा, गुरे आणि माणसे दोन्ही किनाऱ्यांवर येजा करत आली आहेत. त्या मालाबरोबर तो अलीकडे आला असेल, तर जाफन्यातल्या विंचवांत जनुकीय विविधता अगदी कमी आणि भारतातल्या एखाद्या विशिष्ट ठिकाणाशी तंतोतंत जुळणारी असायला हवी. बेटाच्या बाकीच्या कोरड्या भागात तो पसरलेला दिसत नाही, याकडे पाहिले तर माझा कौल अलीकडे आल्याच्या बाजूने जातो. पण हा अंदाज आहे आणि अंदाजावर आरोग्ययंत्रणा चालू नये. आलेला असेल तर बंदरांवर, बांधकामाच्या मालावर लक्ष ठेवून त्याचा दक्षिणेकडचा प्रसार रोखता येईल. मूळचा असेल तर ते सारे व्यर्थ आहे.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. जाफना, मन्नार, रामनाथपुरम, तंजावर, रत्नागिरी, रायगड, सांगली अशा ठिकाणचे काही नमुने, प्रत्येकाचा एक पाय डीएनएसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये, बाकीचे शरीर खुणांसाठी, आणि प्रत्येक बाटलीवर ठिकाण, तारीख आणि कोणत्या जागी सापडला याची चिठ्ठी. चिठ्ठीवाचूनचा विंचू अभ्यासकाच्या उपयोगाचा नाही. बेटाच्या बाबतीत तर ठिकाण हीच पहिली खूण आहे. मूळ घरापासून दूरच्या नमुन्यांवरून ठेवलेली नावे किती भटकवतात, हे आयसोमेट्रसच्या कथेत आपण पाहिलेच. भारत आणि श्रीलंका या दोन्ही देशांत नमुने सीमेपलीकडे पाठवण्याचे नियम कडक आहेत आणि ते असावेतच. पण डीएनएचा क्रम पाठवायला नमुन्यांची पेटी लागत नाही. पुणे आणि पेराडेनिया यांनी आपापल्या प्रयोगशाळेत आपापले विंचू वाचावेत आणि निकाल एकत्र ठेवावेत.

आणि घरात, शेतात, गोठ्यात विंचू डसलाच तर ओळख पटेपर्यंत थांबू नका. लहान मूल असेल, घाम आणि उलट्या सुरू असतील, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात तातडीने न्या. मंत्र, चुना, चिरा देणे यात वेळ घालवू नका. विंचू मारला असेल तर तो फेकून देऊ नका. हात न लावता बाटलीत घालून डॉक्टरांकडे द्या, किंवा निदान पाठ, पोट आणि डंखाची बाजू असे तीन स्पष्ट फोटो आणि गावाचे नाव तरी द्या. जाफन्याचा प्रश्न अशाच रुग्णांनी सोबत आणलेल्या विंचवांमुळे सुटला.